छिन्नमनस्कतेचा वारसा

सोयरीक जुळविताना कुळ, शिक्षण, जमीनजुमला आणि पत्रिका यांची चौकशी आपल्याकडे उघडपणे होते; परंतु घराण्यात कोणाला वेड लागले होते काय, ही चौकशी मात्र तिऱ्हाइताच्या मार्फत, दबलेल्या आवाजात आणि पुष्कळदा याद्या व्हायच्या आदल्या आठवड्यात होते. विचारणाऱ्याच्या मनात अशी पक्की समजूत असते, की वेड रक्तातून उतरते आणि एकदा ते कुळात शिरले म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खाली येत राहते. आणि उत्तर देणाऱ्याच्या मनात तितकीच पक्की धास्ती असते, की एका चुलत्याचे नाव उच्चारले तर चार पुतण्यांची लग्ने अडतील. त्यामुळे तो चुलता मागच्या खोलीत राहतो, त्याचे औषध दूरच्या शहरातून आणले जाते, आणि पाहुणे यावयाचे असले म्हणजे त्याची रवानगी दुसऱ्या गावी होते. या समजुतीत सत्य किती आणि भय किती, हे आज पुष्कळशा निश्चितपणे सांगता येते. छिन्नमनस्कता, म्हणजे रुग्णालयांतून आणि घराघरांतूनही आता ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात तो विकार, याच्या आनुवंशिकतेचा शंभराहून अधिक वर्षे कसून तपास झाला आहे. आणि त्या तपासातून निघालेली गोष्ट अशी, की रक्ताचा हिस्सा मोठा आहे खरा, परंतु तो ज्या रीतीने वाट्याला येतो ती रीत लोकसमजुतीहून इतकी भिन्न आहे, की तिच्या आधारे कोणा एका मुलाचे वा मुलीचे भवितव्य ठरविण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

हा विकार बहुधा कोवळ्या तारुण्यात, सतरा-अठरापासून तिशीपर्यंतच्या वयात, प्रकट होतो. जवळ कोणी नसता बोलणी ऐकू येतात, ती बहुधा निंदेची किंवा हुकमाची असतात. शेजारी, सहकारी, कधी आईवडीलही आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असा अढळ ग्रह बनतो. आणि विचारांचा सांधा सुटल्यामुळे बोलण्याचा अन्वय लागेनासा होतो. परंतु कुटुंबाला अधिक जाचतात ती लक्षणे यांहून शांत असतात: हौस, माया, बोलणे आणि उद्योग हळूहळू आटत जाणे, ज्याला घरातली माणसे वर्षानुवर्षे आळस समजून बोल लावीत राहतात. ‘देवराई’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना या आजाराची आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसांच्या ओढाताणीची कल्पना सहज येईल. शंभर माणसांत सुमारे एकाला, किंवा अलीकडच्या गणनांप्रमाणे त्याहून किंचित कमी जणांना, आयुष्यात केव्हा तरी हा विकार होतो.

एमिल क्रेपेलिन या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विकाराला इतर मनोविकारांपासून वेगळे काढले, आणि १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याला त्याचे आजचे नाव दिले. तो काळ मेंडेलच्या नियमांच्या पुनःशोधाचा होता. वाटाण्याच्या रंगाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे माणसाचे वेडही एकाच घटकाने ठरत असले पाहिजे, अशी तत्कालीन शास्त्रज्ञांची अपेक्षा होती. क्रेपेलिनचेच सहकारी एर्न्स्ट रूडिन यांनी शेकडो रुग्णांच्या भावंडांची नोंद करून १९१६ मध्ये तिचा हिशेब प्रसिद्ध केला. विकार एकाच सुप्त घटकाने उतरत असता तर निरोगी आईबापांच्या अशा मुलांत चौघांमागे एक भावंड आजारी निघावयास हवे होते. प्रत्यक्षात ते प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली भरले. स्वतःच जमविलेला हा पुरावा त्यांच्या अपेक्षेला अनुकूल नव्हता, आणि एवढ्यावरच थांबून विचार झाला असता तर पुढचा एक भीषण अध्याय कदाचित टळला असता.

तो टळला नाही. १४ जुलै १९३३ रोजी हिटलरच्या सरकारने आनुवंशिक रोग्यांची संतती रोखण्याचा कायदा केला. त्यात छिन्नमनस्कतेचा नामनिर्देश होता, आणि कायद्याच्या अधिकृत भाष्याच्या लेखकांत रूडिन यांचे नाव होते. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर अशी न्यायालये गावोगाव स्थापन झाली, आणि त्यांच्या फैसल्यांनी सुमारे ४ लाख स्त्रीपुरुषांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्यात आले. पुढे १९३९ ते १९४१ या काळात मनोरुग्णालयांतील ७० हजारांहून अधिक माणसे ठरवून उभारलेल्या ठाण्यांत विषारी वायूने मारली गेली, आणि त्यानंतरही उपासमारीने व औषधांनी मारणे चालूच राहिले. या क्रौर्याचा निषेध करावयास शास्त्राची साक्ष लागत नाही. तथापि शास्त्राची साक्षही त्याच्या विरुद्धच आहे, हे नमूद करून ठेवणे मला अगत्याचे वाटते: १९६५ मध्ये जर्मनीतील मानहाइम शहरात जी पाहणी झाली, तीत नव्याने आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण इतर देशांच्या मानाने मुळीच कमी आढळले नाही. एवढ्या माणसांचा उच्छेद करूनही विकार जसाच्या तसा उरला, याचे कारण असे, की या विकाराच्या जवळजवळ दोन-तृतीयांश रुग्णांच्या निकटच्या नातलगांत पूर्वी कोणीही आजारी नसते. जो अंश त्यांच्या वाट्याला येतो तो धडधाकट, संसारी माणसांकडूनच आलेला असतो. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसिक आजारावरील उपाय म्हणून कोणाचेही निर्बीजीकरण करण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि त्या मनाईच्या पाठीशी हा सारा इतिहास उभा आहे.

युद्धानंतर विचारांची दिशा पालटली, आणि पालटताना ती दुसऱ्या एका अन्यायाकडे गेली. रक्ताचे नाव काढणेही निषिद्ध झाल्यावर दोष संगोपनावर, आणि संगोपनातही आईवर आला. फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी १९४८ मध्ये मुलात छिन्नमनस्कता निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेतील असंख्य मातांना, त्यांची मुले रुग्णालयात असताना, तुमच्या मायेच्या अभावाने किंवा अतिरेकाने हे घडले असे तज्ज्ञांच्या तोंडून ऐकावे लागले.

या मताची परीक्षा ज्याने खऱ्या अर्थाने घेतली तो प्रयोग माझ्या मते या सबंध विषयातील सर्वांत सुंदर प्रयोग होय. लेनर्ड हेस्टन या डॉक्टरांनी ऑरेगन राज्यातील मनोरुग्णालयांची जुनी दप्तरे काढून, १९१५ ते १९४५ या काळात तेथे दाखल असताना प्रसूत झालेल्या छिन्नमनस्क स्त्रियांचा शोध घेतला, आणि त्यांच्या मुलांपैकी जी जन्मानंतर तीन दिवसांच्या आत आईपासून दूर नेऊन अनाथाश्रमांत किंवा पित्याच्या नातलगांकडे ठेवण्यात आली होती अशी ४७ मुले निवडली. त्याच आश्रमांत वाढलेली, परंतु ज्यांच्या आईला असा आजार नव्हता अशी आणखी ५० मुले त्यांनी तुलनेसाठी घेतली. आता ही मुले चांगली प्रौढ, सरासरीने पस्तिशी ओलांडलेली झाली होती. हेस्टन यांनी त्यांचा अनेक राज्यांत आणि कॅनडापर्यंत माग काढून बहुतेकांच्या समक्ष मुलाखती घेतल्या, पोलिसांची आणि लष्कराची दप्तरे तपासली, आणि प्रत्येकाची कैफियत, कोण कोणत्या आईचे हे न कळू देता, इतर तज्ज्ञांपुढे निर्णयासाठी ठेवली. पहिल्या ४७ पैकी ५ जण छिन्नमनस्क निघाले. दुसऱ्या ५० पैकी एकही नाही. ज्या आईचा सहवास त्यांना तीन दिवसांहून अधिक लाभलाच नव्हता, तिच्या वागण्याने त्यांना आजार झाला असे म्हणण्यास जागा उरली नाही. हा लेख १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर सीमोर केटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तकांच्या सरकारी नोंदींवरून तोच निष्कर्ष अधिक विस्ताराने सिद्ध केला.

हेस्टन यांच्या लेखातील आणखी एक निरीक्षण सहसा सांगितले जात नाही. आजारी आईंच्या मुलांपैकी निम्म्या जणांच्या आयुष्यात काही ना काही गंभीर अडचण आढळली. परंतु उरलेले निम्मे नुसते सुखरूप होते असे नव्हे, तर तुलनेसाठी घेतलेल्या मंडळींपेक्षा मोकळ्या स्वभावाचे, अधिक रंगतदार आयुष्य जगलेले, संगीत, अध्यापन, गृहरचना असे कल्पक व्यवसाय करणारे होते. एवढ्याशा संख्येवरून सिद्धान्त बांधू नये, हे मान्य. परंतु ‘अशा आईचे मूल’ या शब्दांनी ज्यांची आधीच बोळवण केली जाते, त्यांच्यापैकी ४२ जणांना तो आजार झाला नाही, आणि त्यांतील कित्येक मोठ्या उमेदीने जगले, ही वस्तुस्थिती दप्तरी दाखल आहे.

जुळ्यांच्या अभ्यासाने याच प्रश्नाची दुसरी बाजू उजेडात आणली. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांचा जनुकसंच जवळजवळ सारखाच असतो. तेव्हा विकार सर्वस्वी जनुकांवर ठरत असता तर एक आजारी पडल्यावर दुसरा हटकून पडावयास हवा. जुन्या युरोपीय अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर असे दोघेही आजारी असण्याचे प्रमाण शेकडा ४८ च्या आसपास येते, आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या अभ्यासात ते ३३ आले. दोन बीजांच्या जुळ्यांत याच क्रमाने १७ आणि ७. एकबीज आणि द्विबीज यांतील ही तफावत मोठी आहे, आणि तिच्यावरूनच लोकसमूहात आढळणाऱ्या प्रवणतेच्या भिन्नतेपैकी सुमारे ८० टक्के भिन्नता जनुकांमुळे असते असे गणित निघते. हा आकडा एका माणसाचा नव्हे, समूहाचा आहे; अमुक मुलाचा आजार ८० टक्के आनुवंशिक आहे, असे त्याचे वाचन करणे ही चूक पुष्कळ सुशिक्षितांच्या हातून होते.

मग ज्या एकबीज जुळ्याला विकार झालाच नाही, त्याच्या अंगी असलेल्या प्रवणतेचे काय होते? इर्व्हिंग गॉट्समन आणि आक्सेल बेर्टेलसेन यांनी १९८९ मध्ये डेन्मार्कमधील अशा जुळ्यांच्या मुलांचा छडा लावला. आजारी जुळ्याच्या मुलांत विकाराचा संभव शेकडा सुमारे १७ होता, आणि निरोगी राहिलेल्या जुळ्याच्या मुलांतही तो जवळजवळ तेवढाच होता. म्हणजे त्या निरोगी माणसाने वारसा पूर्णपणे स्वीकारला होता, पुढे पोहोचविलाही होता. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र तो कधी प्रकट झाला नाही. लग्नाच्या बैठकीत कोणाच्या चेहऱ्यावरून वा वागणुकीवरून या गोष्टीचा अदमास करणे किती निरर्थक आहे हे यावरून दिसून येईल.

याच गॉट्समन यांनी जेम्स शील्ड्स यांच्यासह १९६७ मध्ये जो विचार मांडला होता, तो आज सर्वमान्य झाला आहे. एखाद्या जलाशयाला डोंगरउतारावरचे शेकडो ओहोळ मिळतात, प्रत्येक ओहोळाने पाण्याची पातळी केसभर चढते, आणि एका ठरावीक उंचीपर्यंत काहीही घडत नाही. ती ओलांडली की सांडव्यावरून पाणी वाहू लागते, आणि ते कोणत्या ओहोळाचे हे कोणालाही सांगता येत नाही. छिन्नमनस्कतेची प्रवणता अशीच अनेक जनुकांच्या अल्पशा भेदांनी साचत जाते, आणि तिचा काही ना काही अंश प्रत्येक माणसात असतो. वेडाचे घराणे आणि शहाण्यांचे घराणे अशी विभागणी मग उरतच नाही. सुनेच्या माहेरचे रक्त वाईट, हा आपल्याकडील ठरलेला निवाडाही यापुढे टिकत नाही, कारण आईकडून आणि बापाकडून येणारा हिस्सा सारखाच असतो.

हे जनुकभेद प्रत्यक्ष दाखविणे मात्र फार कठीण गेले. १९८८ मध्ये आइसलंड आणि ब्रिटन येथील काही कुटुंबांवरून पाचव्या गुणसूत्रावर विकाराचे स्थान सापडल्याची वार्ता ‘नेचर’ या साप्ताहिकात आली, आणि त्याच अंकात स्वीडनमधील एका मोठ्या कुटुंबावरून तिचे खंडनही आले. पुढची वीस वर्षे असेच दावे उठले आणि बसले. ज्यांचा प्रभाव इतका अल्प, ते भेद दिसावयाचे तर हजारोंच्या संख्येने रक्ताचे नमुने पाहिजेत, हे ध्यानी आल्यावर निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी आपापले नमुने एकत्र केले. २०१४ मध्ये सुमारे ३७ हजार रुग्ण आणि १ लाख १३ हजार निरोगी माणसे यांच्या तुलनेतून जनुकसंचातील १०८ स्थाने निश्चित झाली. २०२२ मध्ये रुग्णांची संख्या ७६ हजारांवर गेली आणि स्थाने २८७ झाली. यांतील एक स्थान डोपामाइन या रसायनाच्या ग्राहकाचे आहे, ज्याला अडवूनच १९५० पासूनच्या दशकातील आणि नंतरचीही बहुतेक औषधे गुण देतात. पुष्कळशी स्थाने चेतापेशी जेथे एकमेकींशी जोडल्या जातात त्या संधींच्या कारभाराशी निगडित आहेत.

सर्वांत ठळक खूण सहाव्या गुणसूत्रावर, शरीराच्या प्रतिकारसंस्थेच्या जनुकांच्या वस्तीत होती, आणि मनाच्या आजाराचे तेथे काय काम हे प्रथम कोणालाच उमगेना. स्टीव्हन मॅक्‌कॅरल यांच्या हार्वर्डमधील प्रयोगशाळेने २०१६ मध्ये त्याचा उलगडा केला. तेथे सी-फोर नावाचे जनुक आहे. त्याच्या प्रती माणसागणिक कमी-अधिक असतात, आणि त्याने बनणारे प्रथिन शरीरात जे काढून टाकावयाचे त्यावर खूण करण्याचे काम करते. मेंदूत हेच प्रथिन चेतासंधींवर खूण करते, आणि खूण झालेले संधी मेंदूतील भक्षकपेशी खाऊन टाकतात. बालपणी आवश्यकतेहून कितीतरी जास्त संधी तयार झालेले असतात, आणि पौगंडावस्थेत त्यांची छाटणी होते. ही छाटणी प्रमाणाबाहेर गेल्याने छिन्नमनस्कता होत असावी असा तर्क अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्येच मांडला होता. ज्यांच्या मेंदूत या प्रथिनाचा एक विशिष्ट प्रकार अधिक बनतो, त्यांना विकाराचा संभव अधिक असतो असे दिसले, आणि हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या पिलांत छाटणी कमी झाली. विकार सतरा-अठराव्या वर्षीच का डोके वर काढतो, या जुन्या प्रश्नाला येथे प्रथमच एक पाहता-मोजता येण्याजोगे उत्तर मिळाले. परंतु सर्वांत जोखमीच्या प्रकारानेही संभव वाढतो तो सुमारे सव्वापट. म्हणजे शंभरात एकाच्या जागी सव्वा.

याला अपवाद असलेले थोडे दुर्मिळ दोष आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा सुमारे ३० लाख अक्षरांचा एक तुकडा गळालेला असला, तर अशा माणसांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला पुढे छिन्नमनस्कता होते. सुमारे ४ हजार जन्मांमागे एकात हा दोष आढळतो, आणि बहुतेक वेळा तो आईबापांत नसून बाळात नव्यानेच उद्भवलेला असतो. हृदयातील जन्मजात व्यंग, दुभंगलेली टाळू, शिकण्यातील मंदपणा यांची जोड असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही तपासणी डॉक्टरांना जरूर विचारावी, कारण येथे जनुकपरीक्षेचा प्रत्यक्ष उपयोग आहे. इतरांच्या बाबतीत, शेकडो भेदांची बेरीज करून जो अंक काढतात तो समूहांच्या तुलनेला उपयोगी पडतो, एका व्यक्तीचे भाकीत करण्याइतका मुळीच नाही. तो विकत देऊ करणाऱ्यांपासून कुटुंबांनी दूर राहावे.

विकारांच्या ज्या सीमा क्रेपेलिनने आखल्या त्या जनुकांच्या पातळीवर पुसट होतात. स्वीडनमधील २० लाखांहून अधिक कुटुंबांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असे दिसले, की छिन्नमनस्कता आणि उन्माद-अवसादाचा द्विध्रुवी विकार यांचा वारसा मोठ्या प्रमाणात सामाईक आहे. एकाच घरात एका भावाला पहिला आणि बहिणीला दुसरा होतो, त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आणि जनुकांखेरीज जे उरते तेही थोडे नाही: हॉलंडमधील १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात गर्भात आलेल्या मुलांत हा विकार सुमारे दुप्पट आढळला, कष्टाची प्रसूती, शहरातील जन्म, परमुलखातील वास्तव्य, आणि कोवळ्या वयातील गांजाचे सेवन यांनीही संभव वाढतो. यांतील शेवटची गोष्ट तेवढी माणसाच्या हाती आहे, आणि ज्या घरात कोणी आजारी आहे त्या घरातील मुलांना ती वेळीच आणि स्पष्ट शब्दांत सांगावी.

कुटुंबांना सांगण्याजोगे आकडेही आता उपलब्ध आहेत. सख्खे भावंड आजारी असल्यास विकाराचा संभव शेकडा सुमारे ९. आईबापांपैकी एक आजारी असल्यास निरनिराळ्या अभ्यासांत ७ ते १३. दोघेही असल्यास २७ ते ४६. आणि चुलता किंवा मामा आजारी असल्यास सुमारे ४, म्हणजे शंभर पुतण्या-भाच्यांतील ९६ जणांना तो होत नाही. हे आकडे दडविण्यासारखे नाहीत आणि घाबरण्यासारखेही नाहीत. उलट ते ठाऊक असलेले घर पहिल्या लक्षणांना लवकर ओळखते, आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले, याविषयी तज्ज्ञांत दुमत नाही.

एक उणीव मात्र मोठी आहे. वर सांगितलेली स्थाने बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तावरून शोधलेली आहेत, आणि त्यांच्यावरून काढलेले अंक आपल्या लोकांना नीट लागू पडत नाहीत. चेन्नईच्या स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनने ऑस्ट्रेलियातील संशोधकांसह दक्षिण भारतातील रुग्णांचा जो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात आठव्या गुणसूत्रावरील, निआसिन या जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी संबंध असलेले एक स्थान पुढे आले. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, ज्या घरांत दोन किंवा अधिक माणसे गंभीर मनोविकाराने आजारी आहेत अशा घरांतील आजारी आणि निरोगी अशा दोन्ही नातलगांचे रक्त घेऊन त्यापासून मूलपेशी तयार करण्याचे काम चालू आहे. या कामाला हजारो कुटुंबे लागतील, आणि ती आपला आजारी माणूस दडवून न ठेवता दवाखान्यात नावानिशी नोंदवतील तेव्हाच मिळतील.